आईच्या घरी गॅस गळतीचा अलार्म नेमका कुठे लावू?

समुद्रपूरची लेक:

नमस्कार मंडळी. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं खेडं. घरी आई-बाबा दोघंच. मी नागपूरला असते. आईला आताशा वास येणं जवळजवळ बंद झालं आहे. दूध उतू जाऊन जळलं तरी बाबा ओसरीवरून ओरडतात तेव्हा तिला कळतं. परवा शेजारच्या वहिनी ताक मागायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काकू, गॅसचा वास येऊन राह्यला." शेगडीची एक कळ अर्धवट फिरलेली होती आणि आई तिथेच बसून भाजी निवडत होती. मी फोनवर चिडले तर म्हणते, "मले वासच नाही आला, तर मी काय करू लेकरा?" तिचंही खरंच आहे.

तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. गॅसचा अलार्म घ्यायचं ठरवलं. पण तो लावायचा कुठे, यावर प्रत्येकाचं वेगळं. दुकानदार म्हणाला, ओट्याजवळच्या बोर्डात खोचून द्या. आमचे जावईबापू पुण्याला असतात, ते म्हणतात गॅस वर जातो, छताजवळ लावा, त्यांच्या फ्लॅटमध्ये तसाच आहे. आणखी कुणी खाली लावा म्हणतं.

घर जुनं, कवेलूचं म्हणजे कौलारू. पुढे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, अंदाजे दहा बाय दहाचं. ते माजघरापेक्षा एक पायरी खाली आहे. सिलिंडर ओट्याखाली डाव्या कोपऱ्यात. उजवीकडे मोरी, तिचं पाणी भिंतीतल्या भोकातून सांधवाडीत, म्हणजे मागच्या परसात जातं. तिथेच, भिंतीला लागून, आंघोळीचं पाणी तापवायची चूल. पलीकडे गुरांचा कोठा आणि गोबरगॅस. त्याची लाइन ओट्यावरच्या दुसऱ्या शेगडीला आलेली आहे. माजघरात सध्या कापूस भरून ठेवला आहे, भाव वाढायची वाट पाहत. लाइट तर तुम्हाला माहीतच आहे, येते-जाते.

एकच अलार्म पुरेल का? कुठे लावू? ज्यांनी स्वतः लावला आहे त्यांनी कृपया सांगा.

देवळीकर:

ताई, अलार्मच्या भानगडीत कशाला पडता? साबणाच्या फेसाचा हात नळीला आणि रेग्युलेटरला लावायचा, बुडबुडे आले की व्हायसर, म्हणजे रबरी वॉशर, बदलायचा. आमच्याकडे इतकी वर्षं हेच चालतं. अलार्म दर फोडणीला बोंबलतो असं ऐकलं आहे.

पुलगावचा शेगडीवाला:

ताई, मी पुलगाव-आर्वी भागात शेगड्या दुरुस्त करतो, सोबत घरची वायरिंगही करतो. अलार्म विकत नाही, लोकांनी आणलेले बसवून देतो. तुम्ही घराची मांडणी नीट लिहिली, म्हणून उत्तरही नीट देता येतं.

देवळीकर भाऊ, साबणाचा फेस हवाच, मी स्वतः रोज वापरतो. पण ज्या वेळी फेस लावाल त्या वेळची गळती तो दाखवतो. ताईंच्या आईकडून जी कळ फिरलेली राहिली, तिथे नळीही चांगली होती आणि व्हायसरही चांगला होता. ज्या माणसाला वास येत नाही त्याच्या घरी अलार्म पाहिजेच. गॅसला मुळात स्वतःचा वास नसतो. त्यात मर्कॅप्टन नावाचं वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात, माणसाच्या नाकाला कळावं म्हणून. नाकच साथ देत नसेल तर ती सगळी सोय त्या घरापुरती बंद पडली.

आता जावईबापूंचं. त्यांचं म्हणणं त्यांच्या घरापुरतं बरोबर असेल. शहरात पाइपलाइनने येतो तो नैसर्गिक गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, म्हणून वर चढतो आणि त्याचा अलार्म छताजवळ लावतात. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुपटीच्या आसपास. तो सुटला की खाली उतरतो आणि फरशीवर पसरतो. फरशी धुताना बादली ओतल्यावर पाणी जिकडे धावतं आणि जिथे साचतं, हा गॅसही साधारण तिकडेच जातो. म्हणून जागा ठरवताना आधी भिंतीकडे पाहू नका, फरशीकडे पाहा.

तुमचं स्वयंपाकघर पायरीभर खाली आहे. म्हणजे गॅस माजघरात चढायच्या आधी त्या दहा बाय दहामध्येच साचणार. त्याला बाहेर जायची सखल वाट एकच, मोरीचं भोक. आणि त्या भोकापलीकडे तुमची चूल. मला अलार्मपेक्षा याची जास्त काळजी वाटली. रात्रभर थोडाथोडा झिरपलेला गॅस मोरीतून चुलीपर्यंत पोचलेला असतो. पहाटे आईने पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ केला की तोच जाळ त्याच वाटेने उलटा घरात येतो. चूल त्या भिंतीपासून हलवा, दूर कुंपणाकडे न्या. मात्र कोठ्यातल्या कडब्याजवळ नको. हे काम अलार्म यायच्या आधी करा, त्याला पैसे लागत नाहीत.

किती गॅस धोक्याचा, याचा हिशोब करून पाहा. हवेत एलपीजी, म्हणजे हाच सिलिंडरचा गॅस, साधारण 2 टक्क्यांपासून 9 टक्क्यांपर्यंत असला की ठिणगीने पेट घेतो. दहा बाय दहाची खोली नऊ फूट उंच धरली तर त्यात 25 घनमीटरच्या आसपास हवा. तिचे 2 टक्के म्हणजे अर्धा घनमीटर गॅस, वजनात किलो-सव्वा किलो. सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो. आणि हा हिशोब गॅस सगळ्या खोलीत सारखा मिसळला तर. तो तसा मिसळत नाही, खाली थर धरतो, म्हणून फरशीजवळ याहून कितीतरी कमी गॅसमध्येच धोका तयार होतो. चांगला अलार्म पेट घेण्याच्या या खालच्या मर्यादेच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्यावरच वाजायला लागतो. पण ते कधी, तर तो त्या थरात असेल तेव्हा. छातीएवढ्या उंचीवर लटकवला तर खालचा थर वर येईस्तोवर तो गप्प राहील.

दुकानदाराचा सल्ला इथेच चुकतो. आपल्याकडे बोर्ड चार-साडेचार फुटांवर असतात. प्लगमध्ये थेट खोचायचं यंत्र घेतलं की ते त्याच उंचीवर बसणार. म्हणून वायर असलेला किंवा भिंतीला स्क्रूने बसणारा घ्या. प्लग वरच राहू द्या, वायर पट्टीतून खाली आणा, फक्त यंत्र खाली. प्लगचा सॉकेट कुणी खाली आणून देतो म्हटलं तर देऊ देऊ नका. जिथे गॅस साचतो तिथे पिन काढायची-घालायची ठिणगी नको.

जागा सांगतो. सिलिंडर डाव्या कोपऱ्यात, मोरी उजवीकडे. या दोघांच्या मधल्या वाटेवरची भिंत धरा. सिलिंडरपासून चार-पाच हात, फरशीपासून वीतभर वर. एका फुटाच्या वर जाऊ देऊ नका. अगदी फरशीला टेकवूही नका, पोछा मारताना पाणी शिरतं. तुमच्या उजव्या भिंतीला मोरीचा कठडा असेल तर त्याच्या बाहेरच्या अंगाला लावा, शिंतोडे उडतात त्या बाजूला नको.

कुठे लावायचा नाही तेही सांगतो, कारण लोक नेमकं तिथेच सांगतात. ओट्याखाली सिलिंडरच्या मागे नको. सिलिंडर बदलताना जरासा गॅस सुटतोच, दरवेळी वाजेल आणि मग घरचे त्याचं ऐकणं सोडून देतील. डाळीच्या कोठीमागे, पिंपामागे, पडद्यामागे नको, तिथे हवा फिरत नाही. दाराच्या थेट झोताला नको. उन्हाळ्यात कूलर कुठे लागतो ते आजच आठवून घ्या. एप्रिल-मेमध्ये कूलरचा झोत यंत्रावर येत असेल तर गॅस त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. शेगडीला लागून नको, वाफ आणि तेलाचा चिकटा जाळीवर बसला की यंत्र आंधळं होतं.

माजघरात लावू नका. कापसाची तूस जाळीत अडकते, आणि गॅस तिथे पोचेस्तोवर उशीर झालेला असतो. पण कापूस तिथे आहे तोवर माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दाराजवळ उदबत्ती, निरांजन, फ्रिज यातलं काही ठेवू नका. फ्रिज आपोआप सुरू-बंद होतो तेव्हाही आत ठिणगी पडू शकते.

लाइटचं: हे यंत्र सेन्सर आतून तापवून काम करतं, म्हणून ते सहसा लाइटवरच चालतं. लाइट गेली की झोपतं, परत आली की तापायला काही मिनिटं घेतं. इन्व्हर्टर असेल तर त्या लाइनवर द्या, नसेल तर आत बॅटरी असलेलाच घ्या. आणि सेन्सरचं आयुष्य साधारण पाच वर्षं. मागे तारीख लिहिलेली असते, बसवल्याची तारीख तुम्ही मार्करने त्याच्यावर लिहून ठेवा.

कोरचीवाला:

शेगडीवाले भाऊंनी उत्तम सांगितलं. मी गडचिरोली जिल्ह्यातला, आमच्याकडून एक भर. एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून घरात ठेवतो. जरा ओली राहिली आणि आंबायला लागली की अलार्म वाजतो. सेन्सरला दारूचा वाफारा आणि गॅस यातला फरक कळत नाही. तसंच फवारणीचं औषध. डब्याचं झाकण उघडं राहिलं, वाजला. फिनाइल, रंग, स्पिरिट, अंगावर मारायचा स्प्रे, सगळ्याला वाजतो. ताईंच्या घरी कापसाची शेती आहे म्हणजे औषधाचे डबे असणारच. ते स्वयंपाकघरातून पहिले बाहेर काढा, तसेही ते तिथे नसावेत.

काटोलची सून:

ताई, माझ्या घरी आहे, म्हणून अनुभव लिहिते. सुरुवातीला बसवणाऱ्याने तो शेगडीच्या बाजूलाच, ओट्याच्या उंचीवर लावला होता. मिरचीचा ठसका उठला की वाजायचा. सासरे वैतागले आणि एक दिवस पिनच काढून ठेवली, कुणाला न सांगता. मला कळलं तेव्हा पोटात गोळाच आला. मग खाली, लांब लावून घेतला. आता फोडणीला वाजत नाही. सासरेही काही म्हणत नाहीत.

माझं सांगणं एवढंच की म्हाताऱ्या माणसांना आधी आवाज ऐकवून ठेवा. टेस्टचं बटण दाबून, आईच्या हाताने दाबवून. आमच्या सासूबाईंना पहिल्यांदा तो मोबाइलच वाटला होता. मात्र टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि लाइट तपासतं, गॅस ओळखतो की नाही ते नाही, हे आमच्या मेकॅनिकने सांगितलं.

समुद्रपूरची लेक:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. बाबांना वाचून दाखवलं. चूल हलवायला ते लगेच तयार झाले, म्हणाले, "हे आपल्या ध्यानातच नाही आलं." औषधाचे डबे कोठ्यातल्या वरच्या फळीवर कुलपात गेले.

दोन गोष्टी राहिल्या. गोबरगॅससाठी हाच अलार्म चालेल का? आणि तो वाजला, घरी आई एकटी, बाबा वावरात, तर तिने नेमकं काय करायचं? तिला लांबलचक यादी लक्षात राहणार नाही.

पुलगावचा शेगडीवाला:

ताई, गोबरगॅस वेगळा. त्यात मिथेन साधारण 55 ते 65 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मिथेन हलका, हा दुसरा जड, दोन्ही मिळून गोबरगॅस हवेपेक्षा किंचितच हलका भरतो. त्यामुळे तो सिलिंडरच्या गॅससारखा खाली बसत नाही आणि पाइपलाइनच्या गॅससारखा झपकन वरही जात नाही, हवेत मिसळत हळूहळू वर सरकतो. खालच्या अलार्मच्या भरवशावर तो सोडता येणार नाही. दुसरा घ्यायचा असेल तर मिथेनसाठीचा घ्या आणि शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपेक्षा वर लावा. थेट शेगडीच्या डोक्यावर नको. एलपीजीसाठी बनवलेला मिथेनलाही कधी वाजतो, पण किती गॅसवर वाजेल याची खात्री नसते. डब्यावर कोणत्या गॅससाठी ते लिहिलेलं पाहूनच घ्या, आयएसआयची खूण पाहा.

पण माझं मत विचाराल तर गोबरगॅसला दुसऱ्या अलार्मआधी कोठ्याकडचा मेन व्हॉल्व्ह पाहा. खड्डा रात्रभर गॅस बनवतच असतो, तो काही बंद होत नाही. शेगडीची कळ सैल असेल तर गॅस रात्रभर घरात येतो. रात्री जेवणं झाली की मेन व्हॉल्व्ह बंद, ही सवय बाबांकडे द्या. घर कवेलूचं आहे ते इथे कामी येतं, वरच्या फटीतून तो निघून जातो. कुणी खाली प्लास्टिकचं सिलिंग मारायला सांगितलं तर स्वयंपाकघरापुरतं नाही म्हणा. आणि खड्डा साफ करायला कुणीही आत उतरायचं नाही, मग वास येवो की न येवो. त्यातला सडक्या अंड्यासारख्या वासाचा गॅस जास्त झाला की नाकच बधिर करतो, वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच पडतो.

आता आईने काय करायचं. तिला तीनच गोष्टी सांगा: बटणाला हात नाही, रेग्युलेटर बंद, बाहेर.

बटणाला हात नाही म्हणजे लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. पंखा सुरू असेल तर सुरू राहू द्यायचा. वाजणाऱ्या अलार्मची पिनसुद्धा काढायची नाही, हे खास सांगा, कारण आवाज बंद करायला माणसाचा हात पहिले तिकडेच जातो. शेगडी पेटलेली असेल तर कळ बंद, देवापुढे दिवा असेल तर विझवायचा. रेग्युलेटरपर्यंत सहज हात पोचत असेल तर तो बंद करायचा. सिलिंडरजवळ फुस्स असा आवाज येत असेल तर तिथे वाकायचंही नाही, सरळ निघायचं. जाताना मागचं आणि पुढचं दार उघडं टाकायचं. चूल पेटलेली असेल तर मागचं दार उघडायचं नाही, पुढच्याच दाराने निघायचं. फोन अंगणात जाऊन, तोही घरापासून दूर. गॅस गळतीचा तातडीचा नंबर 1906, दिवसरात्र चालतो. तो आणि शेजारच्या वहिनींचा नंबर तिच्या फोनमध्ये पहिल्या दोन बटणांवर टाकून द्या.

बसवल्यावर खरा गॅस ओळखतो की नाही ते बसवणाऱ्याकडून तुमच्यासमोर तपासून घ्या. आम्ही घरातल्या सगळ्या आगी विझवून, यंत्र अंगणात नेऊन, सिगारेट लायटरची फक्त कळ दाबून, जाळ न करता, जाळीजवळ क्षणभर गॅस सोडतो. जास्त वेळ सोडला तर सेन्सर खराब होतो. तापलेलं यंत्र असेल तर काही सेकंदांत वाजतं.

काटोलची सून:

यात एक जोडते. शेजारच्या वहिनींनाही तो आवाज ऐकवून ठेवा. काकू झोपल्या असतील किंवा सांधवाडीत असतील तर भिंतीपलीकडून त्यांना कळेल. आमच्याकडे शेजारच्या पोरानेच एकदा धावत येऊन सांगितलं होतं.

कोरचीवाला:

आणि हिवाळ्यात शेगडीत निखारे घेऊन खोली बंद करून झोपत असाल तर या अलार्मवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड हा अलार्म ओळखत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं, किंवा सरळ निखारे बाहेर ठेवा.

समुद्रपूरची लेक:

आई निखारे घेते, थंडीत रोजच. बरं झालं लिहिलंत, आज रात्रीच बोलते.

शनिवारी गावी जाते आहे. वायर असलेला, आत बॅटरी असलेला, एलपीजीचा अलार्म घेतला. दुकानदार अजूनही बोर्डातच लावा म्हणत होता. सिलिंडरची नळीही बदलणार आहे. नारिंगी सुरक्षा नळीच आहे, पण तिच्यावरची तारीख पाहिली तर पाच वर्षं होऊन गेलीत. दीड मीटरची मिळते ना? आमच्याकडे ओटा लांब आहे म्हणून बाबांनी मागे दोन तुकडे जोडले होते.

पुलगावचा शेगडीवाला:

दीड मीटरचीच घ्या, एकसंध. जोडलेली नळी काढूनच टाका, गळती बहुतेक वेळा जोडावरच सापडते. ओटा लांब असेल तर सिलिंडर शेगडीकडे सरकवा, नळी वाढवू नका. आणि सिलिंडर सरकवला की अलार्मचं अंतर पुन्हा मोजा, चार-पाच हात तिथून धरायचे. शनिवारी अडलं तर इथेच स्वयंपाकघराचा फोटो टाका, खालच्या फरशीसकट, मी पाहतो.